एका पलटणीचा सेवा-इतिहास कसा जुळवायचा : ५४ वी मॅसॅच्युसेट्स, १८६३ ते १८६५

अमेरिकेच्या यादवी युद्धात ५४ वी मॅसॅच्युसेट्स ही पायदळ पलटण सुमारे अठ्ठावीस महिने सेवेत होती. त्यातली एक संध्याकाळ, १८ जुलै १८६३ ची, साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावरच्या हल्ल्याची, बहुतेकांना ठाऊक असते. उरलेले आठशेहून अधिक दिवस फारसे कोणी उघडून पाहत नाही. सेवा-इतिहास लिहायला बसणाऱ्याने नेमके तेच दिवस उघडायचे असतात. पलटण कोणत्या तारखेला कुठे होती, कुणाच्या हुकमाखाली होती, किती माणसे हजर होती, ती काय करत होती आणि त्यांचे पुढे काय झाले, हे पाच प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत विचारत राहायचे. लढायांची यादी म्हणजे सेवा-इतिहास नव्हे.

ही पलटण उदाहरणाला घेण्याचे कारण असे, की तिच्या कागदांत या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र सापडतात. शिवाय मराठी वाचकाला ती परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. ती मुक्ती बंदूक हातात घेऊन मिळवणारे कृष्णवर्णीय शिपाई या पलटणीत होते.

आधी नाव पक्के करा

पहिला गोंधळ ‘रेजिमेंट’ या शब्दानेच होतो. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्री म्हटले की एका रेजिमेंटच्या अनेक बटालियन डोळ्यांसमोर येतात. अमेरिकी यादवी युद्धातली स्वयंसेवक पायदळ रेजिमेंट तशी नव्हती. ती दहा कंपन्यांची एकच तुकडी असे, म्हणून तिला मराठीत ‘पलटण’ म्हटलेले चांगले बसते. कंपन्यांना ए पासून के पर्यंत अक्षरे असत, पण जे हे अक्षर वगळलेले असे, कारण हाताने लिहिलेले आय आणि जे सारखेच दिसत. एखाद्या टंकलिखित यादीत ‘जे कंपनी’ दिसली तर कुणीतरी आय चुकीचा वाचला आहे असे धरा आणि मूळ पान पाहा.

कंपनीत नियमाप्रमाणे ८३ ते १०१ माणसे, म्हणजे पूर्ण पलटण साधारण हजाराची. वर कर्नल, लेफ्टनंट कर्नल व मेजर, आणि त्यांच्यासोबत अ‍ॅडज्युटंट, क्वार्टरमास्टर, सर्जन व त्याचे साहाय्यक, आणि धर्मोपदेशक. या वरच्या मंडळींचा हजेरीपट वेगळा असतो. तो विसरला की कर्नलच कागदावरून गायब होतो.

दुसरा गोंधळ आकड्याचा. ५४ वी मॅसॅच्युसेट्स आणि ५४ वी युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स (संघराज्याच्या क्रमांकाची कृष्णवर्णीय पलटण) या दोन वेगळ्या पलटणी आहेत. दुसरी आर्कान्सामध्ये उभी राहिली होती. १८६४ मध्ये बऱ्याच कृष्णवर्णीय पलटणींची राज्यांची नावे जाऊन त्यांना संघराज्याचे क्रमांक मिळाले, ५४ व्या मॅसॅच्युसेट्सचे नाव मात्र शेवटपर्यंत टिकले. त्यामुळे फ्लोरिडात तिच्या शेजारी लढलेली पलटण एका कागदात ‘१ ली नॉर्थ कॅरोलायना’ आणि दुसऱ्यात ‘३५ वी कलर्ड ट्रूप्स’ अशी दिसते. पलटण एकच आहे. शेजारच्या तुकड्यांच्या अशा दुहेरी नावांची पाऊण पानाची यादी सुरुवातीलाच करून भिंतीला लावा.

तिसरी गोष्ट : पलटणीचे राज्य म्हणजे शिपायांचे राज्य नव्हे. ५४ वीतले मोजकेच शिपाई मॅसॅच्युसेट्सचे होते. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो इथून आणि आणखी लांबून माणसे बॉस्टनजवळच्या रीडव्हिलला भरतीसाठी आली होती. एखाद्या शिपायाचे घर शोधताना फक्त मॅसॅच्युसेट्सची दप्तरे चाळलीत तर तो सापडणार नाही.

सांगाडा उभा करा, पण त्यावर विसंबू नका

फ्रेडरिक डायर यांनी १९०८ मध्ये छापलेल्या संकलनात उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या बाजूच्या, प्रत्येक पलटणीवर एक परिच्छेद आहे : कुठे उभी राहिली, कोणत्या ब्रिगेडमध्ये होती, कुठे कुठे गेली, किती माणसे गमावली. सांगाड्यासाठी याहून सोयीचे काही नाही. तो परिच्छेद घेऊन तारखा एकाखाली एक उतरवा आणि प्रत्येकीपुढे निदान अर्धे पान कोरे सोडा.

५४ वीचा सांगाडा थोडक्यात असा येतो. रीडव्हिलच्या कॅम्प मेग्समध्ये उभारणी, २८ मे १८६३ ला ‘डीमोले’ आगबोटीने बॉस्टनहून प्रस्थान, ३ जूनला साउथ कॅरोलायनात हिल्टन हेड. ११ जूनला जॉर्जियातल्या डॅरियन गावावरची धाड, १६ जुलैला जेम्स बेटावरची चकमक, १८ ला वॅग्नर. त्यानंतर मॉरिस बेटावर वेढ्याचे काम. फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडा, २० तारखेला ओलुस्टीची लढाई. पुन्हा मॉरिस बेट, ३० नोव्हेंबर १८६४ ला हनी हिल. एप्रिल १८६५ मध्ये जनरल पॉटर यांची मोहीम आणि १८ एप्रिलला बॉयकिन्स मिल, म्हणजे दक्षिणेचे सेनापती ली यांच्या शरणागतीला नऊ दिवस उलटून गेल्यावर. २० ऑगस्ट १८६५ ला माउंट प्लेझंट इथे सेवामुक्ती, २ सप्टेंबरला बॉस्टनमध्ये शेवटचे संचलन.

डायर आपल्या नोंदींचा आधार सांगत नाहीत, आणि ते पलटणीच्या पातळीवर बोलतात, कंपनीच्या नाही. शिवाय एक तारीख दिली की दुसरी झाकली जाते. त्यांच्याकडे ५४ वीच्या सेवाप्रवेशाची तारीख १३ मे १८६३ आहे, पण पहिल्या कंपन्या ३० मार्चलाच सेवेत दाखल झाल्या होत्या. कंपनीत पुरेशी माणसे जमली की तिला शपथ देत. १३ मे ही शेवटच्या कंपन्यांची तारीख. शिपायाचा पगार त्याच्या स्वतःच्या तारखेपासून मोजला जाई, म्हणून दोन्ही तारखा लिहा. सेवामुक्तीलाही हाच नियम लावा. २० ऑगस्टला कागद झाले, माणसे घरी सुटली ती सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत.

हजेरीपट : खरे काम इथे आहे

प्रत्येक कंपनीचा हजेरीपट दर दोन महिन्यांनी होत असे : फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी. त्यात प्रत्येक माणसाचे नाव, हजर की गैरहजर, गैरहजर असेल तर कुठे, पगार शेवटचा कधी मिळाला आणि शेरा. पटाच्या एका भागात ‘घडामोडींची नोंद’ म्हणून कंपनीने त्या दोन महिन्यांत काय केले ते चार-सहा ओळींत लिहिलेले असे. या घडामोडींच्या नोंदी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने एम ५९४ या मायक्रोफिल्म मालिकेत पलटणवार लावल्या आहेत. ५४ वीच्या शिपायांची वैयक्तिक सेवापत्रे एम १८९८ मध्ये आणि पलटणीचे इतर कागद एम १६५९ मध्ये आहेत. ‘५४ वी मॅसॅच्युसेट्सचे कागद हवेत’ असे मोघम विचारण्यापेक्षा मालिकेचा क्रमांक सांगितलात तर काम पुष्कळ लवकर होते.

आता एक मोठा कागद घ्या. डाव्या बाजूला दहा कंपन्या आणि अकरावी ओळ वरच्या अधिकाऱ्यांची. वर पटांच्या तारखा, एप्रिल १८६३ पासून जून १८६५ पर्यंत चौदा, आणि पंधरावा रकाना सेवामुक्तीच्या पटाचा. एकशे पासष्ट घरे होतात. प्रत्येक घरात ठिकाण, हजर माणसे, वेगळ्या कामावर पाठवलेली माणसे आणि एखादी ठळक गोष्ट एवढेच लिहा. घर रिकामे राहिले तर रिकामेच ठेवा. शेजारच्या कंपनीवरून अंदाजाने भरू नका.

हा तक्ता भरला की डायरच्या परिच्छेदात न दिसणारे दिसू लागते. ‘पलटण हनी हिलला होती’ हे वाक्य खरे आहे, पण त्या वेळी काही कंपन्या मॉरिस बेटावरच मागे होत्या. वॅग्नरच्या संध्याकाळीही छावणीच्या राखणीला, आजारी म्हणून आणि इतर कामांवर माणसे मागे राहिली होती, म्हणूनच सुमारे हजाराच्या पलटणीतून हल्ल्याला साधारण ६०० उतरले. या कामातली सर्वांत मोठी चूक इथेच होते : पलटण तिथे होती, म्हणून अमुक शिपाई तिथे होता असे धरून चालणे. पणजोबा वॅग्नरला लढले असे सांगणाऱ्या घराण्यांना कधी कधी हजेरीपटावर ‘इस्पितळात, ब्यूफर्ट’ असा शेरा सापडतो.

हजेरीपट वाचताना दोन खोडी लक्षात ठेवा. पटावर ३० जून लिहिले असले तरी पलटण फिरतीवर असेल तर तो पट प्रत्यक्षात पुढच्या महिन्यात भरलेला असू शकतो. आणि कॅप्टन मेला किंवा जखमी झाला की पट नवा माणूस भरतो, त्याला मागचे माहीत नसते. वॅग्नरनंतर ५४ वीच्या बाबतीत हे मोठ्या प्रमाणावर झाले. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ मारले गेले. कॅप्टन रसेल आणि कॅप्टन सिम्पकिन्स यांनाही तिथेच मरण आले. लेफ्टनंट कर्नल एडवर्ड हॅलोवेल जबर जखमी झाले. त्या रात्री उरलेल्या माणसांना सावरले ते कॅप्टन लुइस एमिलिओ यांनी, कारण न जखमी झालेल्यांत तेच सर्वांत ज्येष्ठ होते. ३१ ऑगस्टचा पट वाचताना हे सगळे मनात असू द्या.

आणि ज्या दिवशी ‘काही घडले नाही’ त्या दिवसांकडे दुर्लक्ष करू नका. जुलै ते सप्टेंबर १८६३ मध्ये मॉरिस बेटावर रोजच्या रोज खंदक खणणे, तोफा ओढणे, दारूगोळा उतरवणे चालू होते, तेही तोफांच्या माऱ्याखाली. कृष्णवर्णीय पलटणींकडून गोऱ्या पलटणींच्या छावण्या साफ करून घेण्याची तक्रार इतकी वाढली, की जनरल गिलमोर यांना सप्टेंबरमध्ये हुकूम काढून ती बंद करावी लागली. हे ‘श्रमकाम’ सेवा-इतिहासात लढाईइतक्याच बारकाईने यायला हवे, कारण पलटणीचे बहुतेक दिवस त्यातच गेले.

सरकारी अहवाल कसे शोधायचे

युद्धखात्याने १८८० ते १९०१ या काळात दोन्ही बाजूंचे अहवाल, तारा आणि पत्रव्यवहार १२८ जाडजूड पुस्तकांत छापले. आज ती सगळी मोफत वाचता येतात. घाबरण्याचे कारण नाही, कारण ५४ वीसाठी पहिल्या मालिकेतले पाच खंड पुरतात : खंड १४, २८, ३५, ४४ आणि ४७. साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्याचे काम या खंडांत तारखेनुसार वाटलेले आहे. वाटणीची रेघ कुठे पडते ते पाहा. खंड १४ ११ जून १८६३ ला संपतो, खंड २८ १२ जूनला सुरू होतो. डॅरियनची धाड ११ जूनची, म्हणून ती १४ मध्ये शोधायची आणि वॅग्नर २८ मध्ये. फक्त २८ चाळून ‘डॅरियनबद्दल काही नाही’ असे ठरवणे ही सहज होणारी चूक आहे. पुढे ओलुस्टी ३५ मध्ये, हनी हिल ४४ मध्ये, बॉयकिन्स मिल ४७ मध्ये.

प्रत्येक खंडाच्या सूचीत पलटणी राज्यवार असतात. ‘मॅसॅच्युसेट्स – पायदळ – ५४ वी’ असे शोधा, पण तिथेच थांबू नका. कर्नलचे नाव, ब्रिगेडियरचे नाव आणि ठिकाणाचे नावही शोधा. ठिकाणांना दोन्ही बाजूंची वेगळी नावे असतात. उत्तरेचा फोर्ट वॅग्नर हा दक्षिणेच्या कागदांत बॅटरी वॅग्नर आहे. ओलुस्टीला दक्षिणेकडचे ओशन पाँड म्हणतात. १६ जुलैची जेम्स बेटावरची चकमक ग्रिम्बॉल्स लँडिंग या नावानेही येते. त्याच बेटावर १६ जून १८६२ ला सेसेशनव्हिलची लढाई झाली होती. ५४ वी तेव्हा जन्मालाही आली नव्हती, तरी तारखा आणि बेट यांच्या सारखेपणामुळे दोन्ही लढाया एकमेकींत मिसळलेल्या आढळतात.

अहवाल हातात आला की मजकुराआधी त्याची तारीख वाचा. वॅग्नरवर हॅलोवेल यांचा जो अहवाल छापला आहे तो ७ नोव्हेंबर १८६३ चा आहे, लढाईनंतर जवळजवळ चार महिन्यांचा. शॉ गेलेले, हॅलोवेल स्वतः जखमी होऊन उत्तरेत उपचार घेत होते, तेव्हा याआधी लिहिणार कोण? तो अहवाल मोलाचा आहे, पण त्याला त्या रात्रीची टिपणी समजू नका.

आकडे

इथे सावकाश चला. बहुतेक सेवा-इतिहास आकड्यांत फसतात, आणि चुकीचा आकडा एकदा छापला गेला की तो शंभर ठिकाणी नकलला जातो.

एका पलटणीचे एकाच दिवशी चार वेगळे आकडे असतात. पटावरची एकूण माणसे, छावणीत हजर असलेली माणसे, कामाला योग्य असलेली माणसे, आणि प्रत्यक्ष लढाईत उतरलेली माणसे. हजार, आठशे, सातशे आणि सहाशे हे चारही आकडे एकाच दिवसाचे असू शकतात आणि चारही बरोबर असू शकतात. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तो या चारांपैकी कोणता ते लिहा. लिहिता येत नसेल तर तो आकडा वापरू नका. टक्केवारी काढायची असेल तर भागाकार फक्त चौथ्या आकड्याने करायचा.

मग हानीचे आकडे. लढाईनंतर लगेच जो तक्ता होतो त्यात तीन रकाने असतात : मृत, जखमी, बेपत्ता. वॅग्नरचा ५४ वीचा सरकारी तक्ता ३४ मृत, १४६ जखमी, ९२ बेपत्ता, एकूण २७२ असा आहे. नंतर केलेल्या मोजणीत हीच हानी अशी मांडलेली दिसते : ३० जागीच ठार, २४ पुढे जखमांनी दगावले, १५ कैद, ५२ जणांचा कधीच पत्ता लागला नाही, १४९ जखमी, एकूण २७०. दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्या आहेत, पण पहिल्या तक्त्यावरून मेलेले ३४ असे म्हणणे आणि दुसरा पाहून ठार, दगावलेले व पत्ता न लागलेले मिळून शंभराच्या वर असे म्हणणे यांत फार मोठे अंतर आहे. ‘बेपत्ता’ या रकान्यात प्रेतेही असतात, कैदीही असतात आणि कधी कधी तिसऱ्या दिवशी परत आलेला माणूसही असतो. वॅग्नरच्या खंदकात दक्षिणेच्या सैनिकांनी शॉ यांच्यासकट मृतांना एकत्र पुरले, त्यामुळे नावे लावायला कोणी उरले नाही. म्हणून हानीचा तक्ता दोन ओळींत मांडा : वर लढाईनंतरचा तात्काळ आकडा, खाली प्रत्येक माणसाच्या सेवापत्रावरून ठरलेला अखेरचा आकडा. या दोन ओळींची कधीही सरासरी काढू नका.

विल्यम फॉक्स यांच्या १८८९ च्या मोठ्या तक्त्यात जखमांनी नंतर दगावलेले ‘मृत’ धरलेले आहेत, तात्काळ तक्त्यांत ते ‘जखमी’ असतात. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी हे तपासा. बहुतेक वेळा भांडण इथेच मिटते.

ओलुस्टीच्या तक्त्यात ५४ वीचे १३ मृत, ६५ जखमी, ८ बेपत्ता, म्हणजे ८६. न्यू बेडफर्डच्या सी कंपनीतले कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग त्या लढाईत कैद झाले आणि १९ जुलै १८६४ ला अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत मरण पावले. त्यांचा मृत्यू ओलुस्टीच्या १३ मध्ये नाही, आणि जुलैच्या मॉरिस बेटावरच्या मृत्यूंतही नाही. अशा कैदी-मृत्यूंसाठी वेगळा रकाना नसेल तर माणूस दोन्हीकडून निसटतो.

संपूर्ण सेवेचा हिशेब डायर असा देतात : ५ अधिकारी व १०४ शिपाई लढाईत किंवा जखमांनी, १ अधिकारी व १६० शिपाई रोगांनी, एकूण २७०. हा २७० आणि वॅग्नरच्या हानीचा २७० हे योगायोगाने सारखे आहेत. एकात जखमी धरलेले आहेत, दुसऱ्यात फक्त मृत आहेत, आणि तरी ते एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. रोगांनी गेलेले १६१ हा आकडा विशेष लक्षात ठेवा. दलदल, ताप आणि हगवण यांनी लढायांपेक्षा जास्त माणसे नेली.

शेवटी ताळा. प्रत्येक पटाला आधीची संख्या घ्या, नवी भरती आणि परतलेले मिळवा, मृत, सेवामुक्त, बदली झालेले आणि पळालेले वजा करा. पुढच्या पटाशी जुळले पाहिजे. दोन-तीनचा फरक असेल तर बहुधा कुणी इस्पितळातून थेट सेवामुक्त झाला आणि कंपनीला उशिरा कळले. दहा-बाराचा फरक असेल तर तुमचे एखादे पान हरवले आहे.

माणसांचे कागद

१८९० च्या दशकात पेन्शनच्या अर्जांचा पूर आला तेव्हा युद्धखात्याने हजेरीपटांवरची प्रत्येक माणसाची नोंद वेगळ्या कार्डावर उतरवली. त्या कार्डांचे पाकीट म्हणजे त्या शिपायाचे सेवापत्र. ही नक्कल आहे, हे विसरू नका. नक्कल करणाऱ्याने एकाच माणसाची दोन नावांची दोन पाकिटे केली असू शकतात. बऱ्याच शिपायांना लिहिता येत नसे, नाव कारकुनाला जसे ऐकू आले तसे उतरले. आडनावाची निदान चार स्पेलिंगे करून शोधा.

५४ वीच्या सेवापत्रांत पगाराचा शेरा सर्वांत बोलका आहे. भरतीच्या वेळी महिना १३ डॉलरचे वचन होते. प्रत्यक्षात १० डॉलर देऊ केले आणि त्यातून ३ कपड्यांचे कापायचे ठरले, म्हणजे हातात ७. पलटणीने पगार घ्यायचेच नाकारले. नोव्हेंबर १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने फरक स्वतः भरायची तयारी दाखवली, तीही त्यांनी नाकारली, कारण प्रश्न रकमेचा नव्हता. गुडिंग यांनी २८ सप्टेंबर १८६३ ला थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहून विचारले, की आम्ही सैनिक आहोत की मजूर? जून १८६४ च्या कायद्याने पगार सारखा झाला, पण भरतीच्या दिवसापासूनची थकबाकी फक्त १९ एप्रिल १८६१ ला स्वतंत्र असलेल्यांना. म्हणून बऱ्याच कार्डांवर ‘१९ एप्रिल १८६१ ला किंवा त्याआधी स्वतंत्र’ असा शेरा आहे. तो वाचून ‘हा शिपाई जन्मतः स्वतंत्र होता’ असे लिहू नका. हॅलोवेल यांनी शपथेचा मजकूरच असा बसवला होता, की गुलामगिरीतून पळून आलेला माणूसही ती सद्सद्विवेकाने घेऊ शकेल : त्या तारखेला आपल्या श्रमावर कुणाचा हक्क नव्हता, एवढेच म्हणायचे होते. त्या कागदातून शपथ सिद्ध होते, जन्म सिद्ध होत नाही.

बढतीच्या तारखांत असाच सापळा आहे. ५४ वीतले स्टीफन स्वेल्स यांना मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर अँड्र्यू यांनी मार्च १८६४ मध्ये सेकंड लेफ्टनंटचे पद दिले. युद्धखात्याने मात्र त्यांना अधिकारी म्हणून जानेवारी १८६५ पर्यंत दाखल करून घेतले नाही, कारण त्यांचा वर्ण. राज्याने पद दिल्याची तारीख आणि संघराज्याने दाखल केल्याची तारीख असे दोन रकाने प्रत्येक अधिकाऱ्यापुढे ठेवा. स्वेल्स यांच्यापुढचे दहा महिन्यांचे अंतर कागदावर दिसले पाहिजे. पदकांचेही तसेच. सार्जंट विल्यम कार्नी यांनी निशाण वाचवले ते १८६३ मध्ये, मेडल ऑफ ऑनर मिळाले २३ मे १९०० ला.

नोंद लिहायची कशी

तारीख, ठिकाण, कुणाखाली, हजर संख्या, काम, हानी, आधार, या क्रमाने आणि साध्या वाक्यांत. १६ ते १८ जुलैची नोंद नमुन्यादाखल पाहा.

“१६ जुलै, जेम्स बेट. पहाटे पहाऱ्याच्या रांगेवर हल्ला. ५४ वीच्या चौक्यांनी तो थोपवला, त्यामुळे १० व्या कनेक्टिकट पलटणीला मागे सरकायला वेळ मिळाला. १४ ठार. रात्री बेट सोडले, दलदलीतून आणि अरुंद फळ्यांवरून कोल बेटाकडे. १७ जुलै, कोल बेट. दिवसभर आगबोटीची वाट. शिधा जवळजवळ नाही. रात्री एकाच लहान होडीतून खेपा करत ‘जनरल हंटर’वर चढणे. १८ जुलै, फॉली बेटमार्गे मॉरिस बेट, संध्याकाळी जनरल स्ट्राँग यांच्या ब्रिगेडमध्ये. अंधार पडताना हल्ला, ५४ वी सर्वांत पुढे.”

या तीन दिवसांचा हिशेब मांडला की वॅग्नरवर धावत गेलेली माणसे दोन रात्री न झोपलेली आणि जवळजवळ उपाशी होती हे आपोआप कळते. त्यासाठी विशेषणे लागत नाहीत.

ब्रिगेड नेहमी त्या दिवशीची लिहा. ५४ वी स्ट्राँग यांच्या ब्रिगेडमध्ये वॅग्नरच्या हल्ल्यापुरती आली होती, ओलुस्टीला ती कर्नल माँटगोमेरी यांच्या ब्रिगेडमध्ये होती. जबाबदारी ठरवतानाही हे लागते. डॅरियन गाव जाळण्याचा हुकूम माँटगोमेरी यांचा होता आणि शॉ यांनी आपल्या पत्रांत त्याबद्दल उघड नापसंती लिहिली आहे. ‘५४ वीने डॅरियन जाळले’ एवढेच लिहिणे अपुरे आहे, आणि पलटण तिथे होती हे गाळणे अप्रामाणिक आहे.

पत्रे आणि वर्तमानपत्रे वापरताना पत्राची तारीख आणि छापल्याची तारीख वेगळी ठेवा. गुडिंग यांची पत्रे न्यू बेडफर्डच्या ‘मर्क्युरी’त काही दिवसांनी छापून येत. छापल्याची तारीख धरलीत तर पलटण बेटावरून निघून गेल्यावरही तिथे दिसेल. नकाशाबाबत आजच्या किनाऱ्यावर भरवसा ठेवू नका. मॉरिस बेट समुद्राने इतके खाल्ले आहे की वॅग्नरची जागा आता बहुतांश पाण्यात आहे. समुद्र आणि दलदल यांच्यामधली ती अरुंद वाळूची पट्टी, जिथे पलटणीची रांग चेपली गेली, ती फक्त त्या काळच्या नकाशांवरच मोजता येते.

वहीच्या शेवटी एक पान वॅग्नरनंतर कधीच पत्ता न लागलेल्या त्या ५२ जणांसाठी राखून ठेवा : नाव, कंपनी, शेवटचा हजेरीपट, आणि पेन्शनची फाइल असेल तर अर्ज कुणी केला – विधवेने, आईने की मुलांनी. एखाद्याचा माग चार्ल्सटनच्या तुरुंगापर्यंत लागला, तर त्याची ओळ खोडू नका. पुढे तारीख घालून नवी नोंद लिहा.